बिनरेघेचा चष्मा

नेटी क्रावचुकने नवा चष्मा घेतला आणि घरी आल्या आल्या नवऱ्याला खोटं सांगितलं.

"नंबर जुनाच आहे. फ्रेम तेवढी बदलली."

मेट्रो बीटचं सूप पीत बसला होता. त्याने चमचा वाटीत ठेवला आणि बायकोकडे नीट पाहिलं. "मग अशी हनुवटी वर करून का बघतेस माझ्याकडे? घरात बिशप आल्यासारखं वाटतंय."

"सूप पी. गार होतंय."

खरी गोष्ट अशी होती की जवळच्या डॉफिन शहरातल्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने तिच्यापुढे दोन चष्मे ठेवले होते. एकाच्या काचेत मधोमध रेघ. वर लांबचं, खाली जवळचं. नेटीची सासू असा चष्मा घालायची, आणि त्या रेघेवरून तिचं म्हातारपण शेजारच्या शेतातूनही दिसायचं. दुसरा चष्मा महाग, पण त्यात रेघच नाही. वरून लांबचं दिसतं, मधून मधलं, खालून अक्षरं. तेव्हा तिकडे हे नवीनच आलं होतं. मुलगी म्हणाली, "नाक जिकडे, नजर तिकडे. नुसते डोळे फिरवायचे नाहीत, अख्खी मान फिरवायची. कडेच्या काचेतून बघू नका, तिथे सगळं पुसट दिसतं. आणि पहिले काही आठवडे जिन्यावर सांभाळून." नेटीने ऐकून घेतलं, पण तिच्या मनात राहिलं एवढंच, की लोकांना कळणार नाही. जुनी चाळिशी तिने त्याच दुकानातल्या दानपेटीत टाकली. म्हणजे परतीची वाटही बंद.

आता अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा नंबर बदलला तर त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारील. पण ज्याने विचारलं त्याने नेटीला गुरुवारच्या टेबलाशी पाहिलेलं नसणार.

नेटीच्या गावात चर्चखाली तळघरात एक मोठी खोली आहे. दर गुरुवारी सकाळी गावातल्या युक्रेनी बायका तिथे जमतात आणि पिरोही करतात. पिरोही म्हणजे आपल्या करंजीची लांबची बहीण समजा. मैद्याची पातळ पारी, आत बटाटा आणि चीज, घडी घालून कडा चिमटीने दाबायच्या. फक्त तळायची नाही, उकळत्या पाण्यात सोडायची. लग्न असो, मयत असो, की कापणीनंतरचं गावजेवण, पिरोही लागतातच, आणि त्या या टेबलावरून जातात. पारीच्या कडेला बटाट्याचा एक कण जरी राहिला तरी तोंड बंद होत नाही. अशी पिरोही पाण्यात पडली की उघडते, बटाटा बाहेर येतो, पाणी गढूळ होतं, आणि मग सगळं भांडं ओतून नव्याने पाणी तापवावं लागतं. आतल्या स्वयंपाकघरात चुलीपाशी पॉलीन असायची. पॉलीनचा आवाज असा की तिला खरं तर माईकची गरज कधी पडली नाही.

टेबलाच्या डोक्याशी नेटी बसायची. तिथल्या अर्ध्या बायकांना चिमटी तिने शिकवलेली. कुणाची पिरोही उचलून खिडकीच्या उजेडात धरायची आणि म्हणायची, "हिचं तोंड उघडं आहे. मालकिणीवर गेलीय." सगळ्या हसायच्या, आणि जिची असेल ती लाल व्हायची. स्टेला नावाच्या एका सुनेला तर तिने पहिल्या वर्षी इतक्या पिरोही परत दिल्या होत्या की बिचारी गुरुवार उजाडला की पोट दुखतं म्हणायची. नेटीची स्वतःची पिरोही मात्र कधी उघडली नाही. हे सांगताना गावातले लोक थोडं वाढवतात, पण फार नाही.

तिच्या शेजारी टिली बोयचुक. टिलीने नेटीच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं. तिकडे असं घेतलं की दोघी बायका जन्मभर एकमेकींच्या कुमा होतात, आणि मग नावाने नाही, कुमा म्हणूनच हाक मारतात. टिली वयाने बरीच मोठी. अलीकडे तिच्या हातांना कंप सुटला होता. कपात कॉफी घेतली की बशी वाजायची. पण पिरोही हातात घेतली की कशी कोण जाणे, बोटं ठिकाणावर यायची. दोघींच्या मध्ये एकच ट्रे असायचा, खिडकीकडचा. दोघी तो मिळून भरायच्या.

नव्या चष्म्याचे पहिले दिवस नेटीने घरातच धडपडत काढले. तळघरातून काकडीच्या लोणच्याची बरणी आणायला गेली तर शेवटची पायरी जिथे दिसत होती तिथे नव्हतीच. बरणी वाचली, गुडघा फुटला. दुकानात शेल्फावरच्या डब्यावरचं वाचायला मान मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे. समोरच्या बाईला वाटलं ही आपल्याला नमस्कार करतेय, तर तिनेही मान हलवली. जमीन कधी जवळ यायची, कधी लांब जायची, दाराची चौकट वाकडी दिसायची. मेट्रो म्हणाला, "कोंबडीसारखं काय करतेस मानेचं?" नेटी म्हणाली, "झोपेत मान अवघडली." एक खोटं सांगितलं की त्याला टेकू द्यायला रोज एक लागतं.

मग गुरुवार आला.

टेबलाशी बसल्यावर पारी डावीकडे, बटाटा उजवीकडे, ट्रे मध्ये. वर्षानुवर्षं ती मान न हलवता, नुसती नजर टाकून काम करायची. आता नजर टाकली की ती नेमकी कडेच्या काचेत जायची, आणि तिथे सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. समोर बघितलं तर बायकांची तोंडं स्पष्ट, आणि हातातली पिरोही धुक्यात. हनुवटी वर केली तर पिरोही दिसायची, पण मग सगळ्यांना वाटायचं ही आज कुणाशी बोलतच नाही. एकदा दोनदा हनुवटी वर केली, तर स्टेला शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजली. नेटीने मान खाली घातली ती घातलीच. कडा जुळल्या असतील असं समजून दाबत राहिली. बोटांना वर्षांची सवय आहे, ती बघून घेतील. पण कडेला चिकटलेला बटाटा बोटांना कुठून कळणार? बोटंही मैद्यात माखलेली.

थोड्या वेळाने चुलीकडून आवाज आला. "खिडकीकडच्या ट्रेमधल्या फुटल्या. पाणी बदलावं लागणार."

खिडकीकडचा ट्रे म्हणजे नेटी आणि टिली. नेटीचं नाव कुणाच्या ओठांवर आलं नाही. सगळ्यांचे डोळे टिलीच्या हातांकडे गेले. टिलीनेही स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि ते नेमके तेव्हाच थरथरत होते.

नेटीला तेव्हाच ठाऊक होतं. अगदी ठाम नाही, पण ठाऊक होतं. बोलायला जागा होती. "माझ्याही असतील," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती जे म्हणाली ते हे:

"टिली, तुझ्या बोटांत आता जोर राहिला नाही. तू आत कांदे सोलायला बसत जा. तिथे बरं पडेल तुला."

टिलीने एप्रनला हात पुसले. हातातली अर्धी झालेली पिरोही पुरी केली, ट्रेमध्ये ठेवली, आणि उठून आत गेली. खुर्ची मात्र टेबलाखाली सरकवायला विसरली नाही.

"बरं केलंस," कुणीतरी म्हणालं. "तिला सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती."

नेटीने पुढची पारी उचलली.

पुढच्या गुरुवारी टिली आली ती सरळ आतच गेली. नेटीने एकटीने ट्रे भरला, आणि सकाळभर एकदाही चुलीकडून आवाज आला नाही. पाणी स्वच्छ. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. बायका म्हणाल्या, "बघ, नेटी म्हणाली तेच खरं. टिलीचेच हात." नेटीलाही हळूहळू पटायला लागलं. माणसाला सोयीचं असलं की लवकर पटतं. चष्म्याची सवय होतेय, असंही तिने स्वतःला सांगितलं, जरी हातातली पिरोही अजून धुक्यातच होती. संध्याकाळी ती टिलीला फोन करायला म्हणून उठायची आणि दुसरंच काहीतरी काम काढायची.

गावजेवण जवळ आलं. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या वस्त्यांतून माणसं येतात, फादर येतात, शहरात गेलेली मुलं येतात. त्याला दोन गुरुवार उरले असताना मैदा संपला म्हणून नेटी स्वतः उठून आत निघाली. स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मध्ये भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे, ताटं इकडून तिकडे द्यायला. नेटी अजून बरीच लांब होती, आणि लांबचं तिला चष्म्याच्या वरच्या काचेतून लख्ख दिसायचं. इतकं लख्ख की नको दिसायला.

कांद्याची टोपली बाजूला सरकवलेली होती. टिलीच्या पुढे नेटीचा ट्रे होता. टिली एकेक पिरोही उचलत होती, काट्याच्या टोकाने कडेचा बटाटा काढत होती, आणि थरथरत्या बोटांनी चिमटी पुन्हा घालत होती. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून. पॉलीन खोलीकडे पाठ करून मुद्दाम रुंद उभी होती, पण खिडकी तिच्याहून रुंद.

"किती दिवस करणार आहेस हे?" पॉलीन म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत, पण तेव्हा ती हळू बोलली, आणि खिडकीजवळ पोचलेल्या नेटीने तरी ऐकलं.

"तिला त्या चष्म्याची सवय होईपर्यंत."

"आणि तुला काय बोलली ती? चारचौघींत?"

"ऐकलं ना मी. बहिरी नाही झाले अजून."

"मग?"

"मग काय. जेवणाच्या दिवशी फादरसमोर पाणी गढूळ झालं तर तिला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मला काय, मी इथे कांद्यापाशी बसते. डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारत नाही."

नेटी मैदा न घेताच वळली. टेबलाशी जावं तर पाय तिकडे वळेनात, म्हणून ती कोट टांगायच्या खोलीत शिरली आणि ओल्या कोटांच्या मध्ये उभी राहिली. आपण सगळ्यांच्या पिरोही उजेडात धरायचो. आपल्या पिरोही एक बाई आडोशाला बसून झाकत होती, आणि तीही तीच बाई. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही आलं नाही. नुसतं कुणीतरी भर रस्त्यात अंगावरचा कोट काढून घ्यावा तसं झालं. कुणीतरी बाहेरून हाक मारली, "नेटी, मैदा?" तर ती म्हणाली, "डोकं दुखतंय, घरी जाते." आणखी एक खोटं. मागच्या जिन्याने गेली. शेवटच्या पायरीवर पुन्हा ठेचकाळली.

घरी तिने मेट्रोला सगळं सांगितलं. चष्म्यापासून सुरुवात केली. तो खुर्चीत ट्रॅक्टरच्या कसल्याशा भागाला ग्रीस लावत होता. शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "चष्म्याचं मला माहीत होतं. डबी तू गादीखाली ठेवलीस, तिच्यावर नवा नंबर लिहिलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना, मान अवघडली म्हणून. मी म्हटलं, असेल."

"आता काय करू?"

"मला विचारतेस? मी पिरोही खातो फक्त." मग त्याने हात पुसले. "टिली कुठे राहते ते तुला ठाऊक आहे."

पण ती टिलीकडे गेली नाही. एकदा तिच्या अंगणाच्या फाटकापर्यंत गाडी नेली आणि पुढच्या घराला वळसा घालून परत आणली. दिवाणखान्यात, दोघीच असताना माफी मागणं सोपं होतं, आणि तेच तिला नको झालं. बोलली चारचौघींत होती.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी आली नाही, शेवटी आली. पाऱ्या लाटून झाल्या होत्या. नेटी आपल्या खुर्चीमागे उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.

"त्या दिवशी फुटलेल्या पिरोही माझ्या होत्या," ती म्हणाली. "टिलीच्या नव्हत्या. मला या चष्म्यातून हातातलं दिसत नाही. जुना चष्मा मी देऊन टाकला. त्यानंतर पाणी स्वच्छ राहिलं ते टिलीने माझ्या सगळ्या पिरोही आत बसून पुन्हा बंद केल्या म्हणून."

लाटणं एकदा टेबलावर गडगडलं. मग स्टेला म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. सकाळी तू साखर बशीत घातलीस आणि कॉफी ढवळलीस, तेव्हा."

"मग तुम्ही टिलीला उठू कसं दिलंत?"

एकीने मैदा झटकला, दुसरीने उगाच पारी सरळ केली. स्टेला खाली बघत म्हणाली, "तुझ्यापुढे बोलायचं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. नेटीला ते अर्धं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. आपलं टेबल हसरं आहे असं ती इतकी वर्षं समजत होती. बायका हसत होत्या हे खरं, पण का हसत होत्या ते तिने कधी विचारलं नव्हतं.

ती आत गेली. टिली कांदा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ऐकलं मी," टिली म्हणाली. "भिंतीला खिडकी आहे."

"कुमा, माझं चुकलं."

"हो. चुकलं."

पॉलीनने चुलीवरच्या भांड्यात झारा फिरवला, जरी त्यात नुसतं पाणीच होतं.

"बोटांचं नाही मला वाईट वाटलं," टिली म्हणाली. "बोटं थरथरतात, मला दिसतात ती. तू मला टिली म्हणालीस. एवढ्या वर्षांत कधी नावाने हाक मारली नव्हतीस. त्या दिवशी मारलीस. घरी जाईपर्यंत कळेना मला, आपलं कोण मेलं."

नेटीच्या चष्म्यावर वाफ धरली होती, तो काढून ती एप्रनला पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

"चल बाहेर," शेवटी ती म्हणाली. "तुझी खुर्ची आहे तिथे."

"येते. पण तुझ्याशेजारी नाही बसणार. स्टेलाशेजारी बसेन. सध्या तरी."

"बरं."

"आणि माझ्या चिमटीबद्दल कुणी काही बोलायचं नाही. तूही नाही, चांगलंही नाही."

"बरं."

टिली बाहेर येऊन स्टेलाशेजारी बसली. स्टेलाने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि कॉफी ओतली, अर्धाच कप, म्हणजे हिंदकळणार नाही. नेटी टेबलाच्या डोक्याशी गेली नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बटाट्याचं मोठं पातेलं असतं. तिथे बसून सारणाचे गोळे वळायचे असतात, म्हणजे पारीवर ठेवायला सोपे जातात. ते काम शाळकरी मुलींचं, नाहीतर नव्या सुनेचं. त्यात बघावं लागत नाही, हाताला कळतं. नेटी तिथे जाऊन बसली आणि बाह्या वर केल्या. कुणी तिला "अगं, तू कशाला" म्हणालं नाही. म्हणावं असं तिला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

गोळ्यांचं ताट हातोहात पुढे जाऊ लागलं. समोर, लांब, टिली तिला स्वच्छ दिसत होती. टिलीने एक गोळा उचलला, पारीवर ठेवला, घडी घालायला गेली आणि थांबली. तो काढून तिने शेजारच्या हातात दिला. एकीकडून दुसरीकडे करत गोळा नेटीपर्यंत परत आला.

"मोठा आहे," टिली तिकडून म्हणाली. "तोंड मिटत नाही."

सगळ्यांचे हात थांबले होते. नेटीने हनुवटी वर केली, गोळा खालच्या काचेसमोर धरला, आणि खरोखरच मोठा होता. तिने त्यातला थोडा बटाटा काढून पातेल्यात टाकला, उरलेला पुन्हा वळला आणि पुढे पाठवला. मग बाकीचे सगळे गोळेही ताटातून परत मागवले आणि एकेक करून लहान करायला बसली.